कापूर, मीठ आणि घंटा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहासाचा पहिला तास वर्गात घेत नसत, असे त्यांचे विद्यार्थी मला आज दुपारी सांगत होते. मुलांना ते कापूरहोळच्या फाट्यावर आणायचे, कडेला उभे करायचे आणि विचारायचे, ‘ही वाट कुठून आली आणि कुठे चालली?’ मुलांना गावांची नावे सांगता येईनाशी झाली की तास सुरू व्हायचा.

आज मी तोच प्रश्न घेऊन उभा आहे, आणि त्यासाठी या फाट्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. इथून एक रस्ता भोरला जातो आणि पुढे वरंधा घाट उतरून महाडला, म्हणजे खाडीला मिळतो. दुसरा केतकावळे आणि नारायणपूरवरून, पुरंदरच्या पायथ्याने सासवडला निघतो. मधून पुणे-साताऱ्याचा हमरस्ता. चार पावले मागे गेलो तर चेलाडीहून नसरापूर आणि तिथून वेल्ह्याकडे, राजगड-तोरण्याच्या मुलखात. कोकण, देश आणि मावळ इथे एकमेकांना हात लावून उभे आहेत.

संयोजकांनी विषय मोठा दिला आहे: मध्ययुगातले समाज धर्म, व्यापार आणि स्वाऱ्या यांनी एकमेकांशी कसे बांधले गेले. आपल्या पुस्तकांत या तिन्हींचे तीन वेगळे धडे असतात. संतांचा एक, बाजारपेठांचा एक, लढायांचा एक. माझे म्हणणे असे की वाटेवर हे धडे कधीच वेगळे नव्हते. यात्रेकरू, व्यापारी आणि शिपाई एकाच घाटाने चढले, एकाच जहाजात बसले, आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या अंगात वस्तीला होते. हे सिद्ध करायला मला फार लांब जायचे नाही. तुमच्या गावाच्या नावापासून सुरुवात करतो.

नावाची व्युत्पत्ती लावायला मी आलेलो नाही. पण कापूरहोळ म्हणताना जी वस्तू आपल्या तोंडी येते, ती या मातीत पिकत नाही. जुना, खरा कापूर सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरच्या उंच झाडांच्या खोडात खड्यांच्या रूपात सापडायचा. झाड तोडायचे, खोड फोडायचे, आणि नशीब असेल तर आत मूठभर कापूर. आपल्याकडचे वैद्य ज्याला भीमसेनी कापूर म्हणतात, तो हाच. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारूस नावाचे बंदर होते. तिथले लोक त्याला ‘कापूर बारूस’ म्हणत. संस्कृतात कर्पूर, अरबीत काफूर. जहाज ज्या ज्या बंदराला लागले तिथे मालाबरोबर त्याचे नावही उतरले. मार्को पोलो सांगतो की त्या बेटावरचा उत्तम कापूर सोन्याच्या भारोभार विकला जाई.

आता हा इतका महाग माल घेत कोण होते? देवळे घेत होती आणि मुसलमान घरेही. आपण आरती संपली की कापूर लावतो आणि त्या ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावतो. मुसलमान घरात माणूस गेला की अखेरच्या स्नानाच्या पाण्यात कापूर घालतात. कुराणात स्वर्गातल्या पेयाच्या वर्णनात काफूर आहे. बारूसच्या जंगलात कुऱ्हाड चालवणाऱ्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्याच्या घरची चूल देवगिरीच्या आरतीवर आणि बगदादच्या कफनावर पेटत होती. आज आपल्या ताम्हनातली वडी कारखान्यात टर्पेंटाइनपासून तयार होते, त्यामुळे ती समुद्रापलीकडून यायची हेच आपण विसरून गेलो.

आणि याच नावाचा एक माणूस इतिहासात आहे. १२९९ साली अलाउद्दीन खिलजीच्या फौजांनी गुजरात लुटला तेव्हा खंबायतच्या बंदरात एका व्यापाऱ्याकडचा गुलाम त्यांच्या हाती लागला. हजार दिनारांना विकत घेतलेला, म्हणून ‘हजारदिनारी’. त्याचे नाव काफूर. पुढे हाच मलिक काफूर देवगिरीवर चालून आला, त्याने तिथल्या यादव राजाला, रामदेवरायाला, दिल्लीला नेले, आणि १३११ सालापर्यंत मदुरेपर्यंत जाऊन आला. तीनशे वर्षांनी आपल्याच दख्खनमध्ये मलिक अंबर उभा राहिला. जन्म इथिओपियातला, लहानपणी विकला गेलेला, बगदादच्या एका व्यापाऱ्याने इस्लाममध्ये घेतलेला, आणि अखेर निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला. अंबर म्हणजे देवमाशाकडून मिळणारे सुगंधी द्रव्य. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत, त्याच्या नावाचा अर्थ माणिक. लक्षात घ्या, गुलामांना अत्तराची आणि रत्नांची नावे देण्याची रीत होती, कारण तीही विकत घ्यायचीच चीज. माणसाचे मूळ नाव, आईने हाक मारलेले, बाजारात पुसले जाई आणि मालाचे नाव चिकटवले जाई. त्याच माणसांनी पुढे राज्ये चालवली, आणि १६२४ साली भातवडीला मलिक अंबरच्या बाजूने आपले शहाजीराजे लढले. व्यापाराने माणूस आणला, धर्माने त्याला नवे घर दिले आणि तलवारीने पद. यातला एक धागा ओढला की बाकीचे दोन हातात येतात. पण त्या धाग्यांखाली एक लहान मूल होते, जे आईपासून तोडून विकले गेले, हे इतिहास सांगताना माझ्याने विसरवत नाही.

कापूर ही श्रीमंताची गोष्ट झाली. आता गरिबाच्या घरातली घेऊ. मीठ.

मावळातल्या म्हाताऱ्या माणसांनी अजून बैलांच्या पाठीवरच्या गोण्या पाहिल्याचे किंवा बापाकडून ऐकल्याचे सांगितलेले मी ऐकले आहे. कोकणातून मीठ, सुके मासे, नारळ वर यायचा. वरून धान्य, गूळ, मिरची, कांबळी खाली जायची. वरंधा ही मोठी वाट. पण वेल्ह्याच्या बाजूला मढे घाट आहे, शेवत्या आहे, उपांड्या आहे. बोराट्याच्या नाळेसारखी, जिथे माणूसही हात टेकून उतरतो, तीही वाटच होती. लमाणांचे तांडे शेकडो बैलांनिशी चालत. पुढच्या बैलाच्या गळ्यात मोठी घंटा, तिच्या आवाजावर मागचे बैल. जिथे पाणी आणि गवत, तिथे गोण्या उतरवायच्या, त्यांचाच आडोसा करायचा आणि रात्र काढायची. लढाई चालू असली तरी तांडा चाले, कारण दोन्ही फौजांना धान्य तोच पुरवी.

घाटमाथ्यावर चौकी असे आणि चौकीवर जकात. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण मावळचा सगळा इतिहास या चौकीत आहे. सह्याद्रीची धार इतकी सरळ आहे की माल चढवायच्या वाटा मोजक्याच. ती वाट ज्याच्या ताब्यात, त्याला तलवार न उपसता उत्पन्न. म्हणून बहामनी सुलतान असो, निजामशाह असो की आदिलशाह, राजधानीत बसून त्यांना घाट सांभाळता येत नव्हता. घाट सांभाळायचे ते इथल्या देशमुखांनी. जेधे, बांदल, सिलीमकर, मरळ ही घराणी नुसती शेतसारा गोळा करणारी नव्हती. बंदर आणि राजधानी यांच्यामधला दरवाजा त्यांच्या हातात होता. १६५९ च्या जूनमध्ये आदिलशाहाचे फर्मान कारीच्या कान्होजी जेध्यांना का आले? अफजलखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेला एका मावळच्या देशमुखाची मदत कशाला हवी होती? कारण जावळीच्या रानात उतरायचे तर वाट दाखवणारा माणूस लागतो. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडायला तयार झाले, तेव्हा दरवाजाची किल्लीच त्यांनी महाराजांच्या हातात दिली.

महाराजांना जकातीची ताकद किती नेमकी कळली होती याचा पुरावा १६७१ सालच्या त्यांच्या पत्रात आहे. कुडाळ प्रांताच्या सुभेदाराला, नरहरी आनंदरावांना ते लिहितात की पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते, म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि आपले संगमेश्वरचे मीठ पडून राहील. तेव्हा बारदेशच्या मिठावर घाटात जबर जकात बसवा, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठाइतकेच महाग पडेल. शत्रूशी तोफेने लढता येते, तसे मिठाच्या गोणीनेही लढता येते. भोरच्या बाजारात एखादी बाई पदरात शेरभर मीठ घेऊन घरी जायची, तेव्हा त्या शेरात कितीजणांचा वाटा होता बघा. मिठागरावर उन्हात उभा असलेला आगरी, गोण्या वाहणारा लमाण, चौकीवरचा कारकून, आणि गोव्यातला पोर्तुगीज व्हाइसरॉय सुद्धा.

घाटांची ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. महाडजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, तीही खाडी आणि घाट यांच्या सांध्यावरच. भिक्षू तिथे राहिला कारण व्यापारी तिथून जात होता. सुफी फकिरांचेही तसेच; खेड शिवापूरचा कमरअली दुर्वेशांचा दर्गा तुम्ही येता-जाता पाहता, तो हमरस्त्यालाच लागून आहे, आणि तिथला दगड बोटांवर उचलायला सगळ्या जातीधर्मांची माणसे उभी राहतात.

पण परक्या डोळ्यांनी हा घाट कसा दिसला? सांगतो. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. बरोबर एक घोडा. शंभर रुबलांचा. त्याला कळले होते की दख्खनमध्ये घोडे पैदा होत नाहीत, म्हणून तिथे घोड्याला सोन्याचा भाव येतो. ते खरेच होते. इथली हवा अरबी घोड्याला मानवत नसे आणि राज्ये तर घोडदळावर चालत, त्यामुळे दरसाल होर्मुझ-एडनहून घोडे उतरवावे लागत. निकितीन चौलहून पालीला आठ दिवसांत पोचला, मग उमरीला दहा दिवस, मग जुन्नरला सहा दिवस. चोवीस दिवसांची ही चाल, एका घोड्याला सांभाळत. त्यात पावसाळा लागला. कोकणातून पावसात घाट चढलेला माणूसच सांगू शकेल की त्या घोड्याच्या खुरांखालची वाट कशी वाहत असेल.

जुन्नरला असदखान नावाचा सरदार होता. त्याला समजले की हा माणूस मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे. त्याने घोडा काढून घेतला. म्हणाला, आमच्या धर्मात ये, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. नाही आलास तर घोडाही गेला आणि हजार मोहरा तूच भरायच्या. चार दिवसांची मुदत. निकितीन प्रार्थना करत बसला. आणि वाचला कुणामुळे? मुहम्मद नावाच्या एका खुरासानी मुसलमानाने असदखानाकडे रदबदली केली, घोडा परत मिळवून दिला. धर्म बदल म्हणणारा मुसलमान आणि धर्म राखायला मदत करणाराही मुसलमान. माणसाने दुसऱ्या माणसाला ओळखले, एवढीच त्याची जात. निकितीन रशियात आपल्या गावी पोचलाच नाही, वाटेत वारला. पण त्याची वही पोचली, आणि तिच्या शेवटी त्याची प्रार्थना फारसी, अरबी, तुर्की शब्दांची मिसळण करून आली आहे. वर्षानुवर्षे परमुलखात राहिलेल्या माणसाची देवाशी बोलायची भाषाही बदलून गेली होती. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. कधी अलिबागच्या सहलीला गेलात तर समुद्र बघण्याआधी ते बघा.

तो असदखान ज्याच्या हाताखालचा सरदार होता, त्याची पदवी होती मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. बहामनी दरबारात ही सर्वांत मोठ्या पदव्यांपैकी एक होती, यावरून त्या राज्यात व्यापाऱ्याला काय मान होता ते समजा. ती पदवी धारण करणारा महमूद गावान इराणच्या गीलानचा. १४५३ च्या सुमारास तो दाभोळला उतरला तो व्यापारी म्हणून, आणि त्याला बिदरला जायचे होते ते एका सुफी सत्पुरुषाच्या दर्शनाला. सुलतानाने ठेवून घेतले. वजीर झाला. मग १४६९ पासून तीन वर्षे तोच आपल्या कोकणात फौज घेऊन उतरला, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड घेतला, आणि १४७२ साली गोवा. ही मोहीम कशासाठी होती? संगमेश्वर आणि खेळण्याच्या राजांची गलबते किनाऱ्यावरून जाणारी व्यापाऱ्यांची आणि यात्रेकरूंची जहाजे अडवत होती. १४७२ सालीच त्याने बिदरला मदरसा बांधला. त्याच्या निळ्या-पिवळ्या झिलईदार फरशांचे तुकडे अजून भिंतीला आहेत. १४८१ साली एका खोट्या पत्रावर विश्वास ठेवून सुलतानाने त्याचे डोके उडवले, आणि त्यानंतर बहामनी राज्य फार दिवस एकसंध राहिले नाही. मी मघाशी म्हणालो ना, यात्रेकरू, व्यापारी आणि शिपाई एकाच माणसाच्या अंगात. हाच तो माणूस.

गोवा बहामन्यांकडून विजापूरकडे गेला आणि १५१० साली पोर्तुगीजांकडे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई त्यांना मिळाली. घोड्यांचा व्यापार त्यांनी ताब्यात घेतला, मिरीचा घेतला, आणि मग समुद्रावरच जकात बसवली. त्यांचा परवाना असल्याशिवाय जहाज हाकारायचे नाही. त्याला कार्ताझ म्हणत. दाभोळहून किंवा सुरतेहून मक्केला निघालेल्या यात्रेकरूंच्या जहाजालाही तो घ्यावा लागे. आणि त्या कागदावर मरिया आणि बाळ येशूचे चित्र. अकबराच्या दरबारातल्या मखदूम-उल-मुल्क या धर्मशास्त्र्याने तर निवाडाच दिला की असे चित्राचे परवाने घेऊन जावे लागत असेल तर हज यात्रा बंधनकारक राहत नाही. काबेकडे निघालेला माणूस खिशात मरियेचे चित्र घेऊन चालला आहे, कारण समुद्र लिस्बनच्या राजाचा आहे. यापेक्षा घट्ट गाठ मला कुठे सापडलेली नाही.

आता नसरापूरला जाऊ. इथून पाच-सहा किलोमीटर. बनेश्वर तुम्हा सर्वांचे आहे; श्रावणी सोमवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले हे देऊळ १७४९ साली पुरे झाले. खर्च ११,४२६ रुपये आठ आणे झाल्याचे सांगतात. झाडीतली गार हवा, कुंडातले मासे, हे सगळे तुम्ही पाहिले आहे. पण घंटा किती जणांनी वाचली आहे? वाजवली म्हणत नाही, वाचली म्हणतो.

तिच्या अंगावर उठावाचा क्रूस आहे आणि खाली युरोपी अंकांत साल: १६८३.

लहानपणी आजीने मला कडेवर उचलून ती वाजवायला लावली होती. तेव्हा ती नुसतीच मोठी घंटा होती. पुढे इतिहास वाचायला लागलो आणि एकदा तिच्याखाली उभा राहून ते चार आकडे पाहिले, तेव्हा अंगावर काटा आला. कारण १६८३ हे साल दुसऱ्या एका गोष्टीचे आहे, आणि ती गोष्ट तुमच्या गावाची आहे.

संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ चा, पुरंदरावरचा. सईबाईंची प्रकृती ढासळली, आणि बाळाला दूध पाजायला या कापूरहोळच्या धाराऊ गाडे गडावर गेल्या. सईबाई १६५९ च्या सप्टेंबरात वारल्या. राजगडाच्या पायथ्याला त्यांची समाधी आहे. ज्याला आई जवळजवळ आठवतच नसेल, त्या मुलाच्या अंगात कापूरहोळच्या एका घरातले दूध होते. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण पुढे बघा. तेच मूल सव्वीस वर्षांचे झाले, छत्रपती झाले, आणि १६८३ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या दारात उभे राहिले. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्व्होरचा कोंद फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. संभाजीराजे स्वतः चालून आले आणि त्याला पळता भुई थोडी झाली. महिन्याच्या अखेरीस मराठ्यांनी जुव्याचे बेट घेतले. ते परत घ्यायला व्हाइसरॉय स्वतः गेला, मार खाऊन, जखमी होऊन परतला. गोवा शहर आता जाते की राहते अशी वेळ. तेव्हा त्याने काय केले? बॉम जेजूच्या चर्चमध्ये गेला, फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली, आणि आपला राजदंड आणि राजाची पत्रे त्या संताच्या देहापाशी ठेवून म्हणाला की आता हे राज्य तूच राख.

तो देह कुणाचा होता तेही ऐका. झेवियर मूळचा स्पेनमधल्या नाव्हाराचा, व्यापारी जहाजांतून गोव्याला, मलाक्क्याला, जपानला गेलेला. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. त्याचा देहही मलाक्क्यामार्गे जहाजानेच गोव्यात आला. ज्या मार्गाने कापूर आला, त्याच मार्गाने संत आला, आणि मराठी फौज दारात उभी राहिली तेव्हा राज्याचा दंड त्याच्या हातात देण्यात आला. पुढे मोगल शाहजादा मोठी फौज घेऊन उतरला म्हणून संभाजीराजांना माघारी फिरावे लागले.

आणि त्याच साली, पोर्तुगीज मुलखातल्या एका चर्चसाठी कुणा ओताऱ्याने साच्यात कांसे ओतले, क्रूस उमटवला आणि आकडे घातले. कांसे म्हणजे तांबे आणि कथील. कथील थोडे जास्त, तर घंटा. कमी, तर तोफ. ओतारी एकच, भट्टी एकच. त्या धास्तीच्या वर्षात तोफेला जाऊ शकला असता असा धातू कुणीतरी देवासाठी राखून ठेवला.

छप्पन्न वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजीअप्पांनी वसई घेतली. फेब्रुवारीपासून वेढा, सुरुंग, बुरुज उडवणे, खिंडारातून चढणारी आणि पडणारी हजारो मराठी माणसे. त्याचे वर्णन तुम्ही ऐकले आहे. तहात पोर्तुगीज सैन्याला आणि कुटुंबांना आपली चीजवस्तू घेऊन जाऊ दिले. वसईच्या चर्चमधल्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या. परंपरा सांगते की अप्पांनी त्या निरनिराळ्या देवस्थानांना दिल्या. भीमाशंकरला एक आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर आहे, तिच्यावर १७२१ साल. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे, १७०७ सालची, आणि तिच्यावर मरिया बाळाला घेऊन उभी आहे. हज यात्रेकरूच्या खिशातल्या कागदावरची तीच आई, आता कृष्णेच्या काठी. मेणवलीच्या बायका तिच्या शेजारी धुणे धुतात.

हे फक्त आपल्याकडे झाले असे नाही. ९९७ साली अंदलुसचा, म्हणजे मुसलमानी स्पेनचा, सेनापती अल-मन्सूर स्पेनच्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रावर चालून गेला. तिथल्या घंटा त्याने ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोव्याला नेल्या आणि मोठ्या मशिदीत उलट्या टांगून त्यांचे दिवे केले. १२३६ साली ख्रिस्ती राजा फर्नांदोने कोर्दोवा जिंकले आणि त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत सांतियागोला पाठवल्या. दोनशे एकोणचाळीस वर्षे. प्रत्येक वेळी ओझे कैद्याच्याच खांद्यावर.

मला आपल्या घंटांबद्दल जे वाटते ते स्पष्ट सांगतो. त्या वितळवल्या गेल्या नाहीत, तोफा केल्या नाहीत, क्रूस छिन्नीने काढून टाकला नाही, देवापुढे टांगल्या. पेशवाईच्या माणसांचे हे मला फार मोठे वाटते. देवाला वाहिलेली वस्तू देवापाशीच राहावी, एवढी समज विजयाच्या धुंदीतही त्यांना राहिली. आणि तरीही, ज्या गावातून घंटा गेली तिथे काय झाले असेल, हा प्रश्न मनातून जात नाही. सकाळ-संध्याकाळ जिच्या आवाजावर गाव चालायचे, ती एके दिवशी वाजली नाही. विजयाची हकीकत लिहिताना बखरकार या बाजूला पाहत नाही. आपण पाहायला हवे, कारण ती माणसे अजून आहेत. वसईचे ख्रिस्ती मराठी बोलतात, मराठीत प्रार्थना करतात, मराठीत साहित्य लिहितात.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातले माझे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, मुद्दाम ही घंटा पाहायला आले. मी त्यांना चेलाडीला उतरवून घेतले. वाटेत ते आपल्या आजोबांच्या मिठागराच्या आठवणी सांगत होते. गावातले मीठ होडक्यांतून जायचे आणि आजोबा म्हणायचे, हे घाटावर जाते. घाट कसला, ते लहानपणी त्यांना कळले नव्हते. गाडीतून डोंगराची रांग दिसली तशी ते गप्प झाले.

बनेश्वरला त्यांनी बाहेर चपला काढल्या, पाय धुतले आणि घंटेखाली येऊन उभे राहिले. चष्मा पुसून आकडे वाचले. मग क्रूसावर बोटे टेकवली आणि तीच बोटे कपाळाला लावली, अगदी आपण देवळाच्या उंबऱ्याला लावतो तशी. गुरव पाहत होते. पाहुण्यांनी त्यांना विचारले, ‘वाजवली तर चालेल?’

गुरव म्हणाले, ‘देवाची घंटा आहे, वाजवायलाच टांगलीय.’

त्यांनी एकच टोला दिला. मग तळहात घंटेच्या काठावर हलकेच ठेवला आणि आत घुमणारा नाद थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला. बराच वेळ लागला. कांशाचा नाद लवकर विरत नाही. मला म्हणाले, ‘आमच्याकडे दिवसातून तीनदा वाजते. पहाटे, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला. शेतात असलो तरी माणूस क्षणभर थांबतो.’ मी घड्याळ पाहिले. बाराला पाच मिनिटे कमी होती. त्यांनीही पाहिले होते. आम्ही पाच मिनिटे तिथेच कुंडाच्या काठावर बसून राहिलो, आणि बारा वाजले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. गुरवांनी आम्हा दोघांच्या हातावर साखर ठेवली.